तारखेला टांगलेलं घर



उमरग्याच्या चौरस्त्यावर सकाळी चहाला थांबलं की चार ओळखीचे भेटतातच. २०२१ ते २०२४ या काळात त्यांतल्या प्रत्येकाचा मला एकच प्रश्न असायचा. "काय कविराज, लेकीची तारीख आली का?" नवख्या माणसाला वाटलं असतं, यांचा कोर्टात काहीतरी वाद चालू आहे. वाद कसलाच नव्हता. माझ्या लेकीचा निकाह झाला होता, जावई अमेरिकेत शिकागोजवळ राहतो, आणि तिला तिकडे नांदायला जाण्यासाठी जो व्हिसा लागतो त्याच्या मुलाखतीची तारीख काही येत नव्हती.

आज मला या वाट पाहण्याविषयी बोलायचं आहे. आजकाल मराठवाड्यातल्या लहान लहान गावांतूनही कुणाचा मुलगा, कुणाची सून परदेशाच्या अर्जात अडकलेली असते. अर्ज एकाचा असतो, पण वाट सगळं घर पाहत असतं. आमच्या घराला तर ही सवय जुनीच. लेकीच्या आधी, माझ्या जन्माच्याही आधीपासून, आम्ही एका व्हिसाची वाट पाहत आलो होतो. ती गोष्ट आधी सांगतो, कारण पुढची चूक त्या गोष्टीतूनच मला कळली.

माझी फुफी, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचा निकाह १९५० साली झाला. आमचा भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता. फुफा हैदराबादेत नोकरीला होते, ते पुढच्याच वर्षी कराचीला गेले आणि फुफीही गेली. त्या वेळी सोळा-सतरा वर्षांच्या त्या मुलीला वाटलं असेल, हैदराबादेला जाऊन यावं तसं कधीही माहेरी येता येईल. दोन देशांमध्ये १९४८ पासून परमिट लागत होतं, ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला. तरीही ती १९६३ साली एकदा आली, कराचीहून मुंबईला आगबोटीने. दोन वर्षांनी लढाई झाली आणि ती आगबोट कायमची बंद पडली. मग एकदम १९८२ साली आली. तेव्हा कराचीत भारताचं वाणिज्य दूतावासाचं कार्यालय होतं, तिथेच तिला व्हिसा मिळाला. व्हिसावर गावांची नावं लिहिलेली असत, त्यापलीकडे कुठे जाता येत नसे. आल्यावर पोलीस ठाण्यात नोंद, निघताना नोंद. माहेरपणाला आलेली बाई ठाण्यात जाऊन सही करते, हे मी तेरा वर्षांचा असताना पाहिलं. अब्बा तिच्याबरोबर जायचे आणि परतताना तिला केळी घ्यायचे, बहुधा तिला वाईट वाटू नये म्हणून.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीचा भूकंप. आपल्यापैकी अनेकांना त्या पहाटेची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. सास्तूर त्या वेळी आमच्याच उमरगा तालुक्यात होतं, तिथली घरं जमीनदोस्त झाली. उमरग्यात आमच्या घराच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, पण माणसं वाचली. कराचीत फुफीने रेडिओवर बातमी ऐकली. लातूर, उस्मानाबाद, उमरगा ही नावं ऐकली आणि ती चार दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी एस.टी.डी. बूथवरून आमचा फोन लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली की मला येऊन एकदा सगळ्यांना डोळ्यांनी बघायचं आहे.

तिने अर्ज केला. त्याच सुमाराला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमलं होतं. मुलगा बसवकल्याणकडचा, चांगला शिकलेला. आणि तो बहिणीलाही आवडला होता, हे अम्मीला ठाऊक होतं. अब्बांनी फुफीला लिहिलं, तू ये, तू आलीस की निकाह लावू.

पण १९९४ साल उजाडलं ते वेगळंच. दोन्ही देशांचे संबंध बिघडत गेले. मुंबईतलं पाकिस्तानचं वाणिज्य दूतावासाचं कार्यालय त्या वर्षी बंद झालं आणि वर्षअखेरीला कराचीतलं भारताचंही. आता कराचीच्या माणसाला भारताच्या व्हिसासाठी इस्लामाबाद गाठावं लागणार होतं. नकाशा काढून बघा. कराचीपासून मुंबई जेवढी दूर आहे, त्याहून इस्लामाबाद दूर आहे. म्हणजे माहेरी जाण्याची परवानगी मागायला माहेरापेक्षा लांब जायचं, तेही उलट्या दिशेने.

अब्बा निकाहची तारीख पुढे ढकलत राहिले. आधी म्हणाले रमजान होऊ दे, मग बकरी ईद होऊ दे, मग पाऊस सरू दे. दर वेळी फुफीचं पत्र यायचं की कागद पुढे गेले आहेत, आता येईलच. मुलाकडची माणसं दीड वर्ष थांबली. मग त्यांच्याकडून निरोप आला की आमच्याही घरात म्हातारी आजी आहे, तिला नातसून बघायची आहे, आम्हाला माफ करा. रागावून बोलले नाहीत, उलट फार अदबीने बोलले. सोयरीक मोडली.

बहिणीचा निकाह पुढे १९९९ साली झाला, दुसऱ्या घरी. संसार चांगला झाला, अल्लाहची मेहरबानी. पण मधली पाच वर्षं ती शिवणयंत्रावर बसून राहिली. त्या विषयावर तिने तोंडातून एक शब्द काढला नाही. आम्हीही काढला नाही.

फुफी शेवटी आली ती २००६ साली. त्या वर्षी फेब्रुवारीत थर एक्स्प्रेस सुरू झाली होती, कराचीकडून खोखरापार-मुनाबाव मार्गे जोधपूरपर्यंत. गाडी जवळची झाली, पण व्हिसा अजूनही इस्लामाबादेतच होता. त्यासाठी तिचा मुलगा दोनदा तिथे जाऊन आला. बहात्तर वर्षांची फुफी ओसरीवर बसली आणि तिने माझ्या बहिणीला जवळ ओढून विचारलं, तुझा निकाह एवढा उशिरा का गं झाला? कुणीच बोलेना. शेवटी अम्मीने सांगितलं.

फुफी बराच वेळ गप्प राहिली. मग अब्बांकडे वळून म्हणाली, "मैं तो मेहमान थी रे. तूने मेरे वास्ते घरवालोंकोच रोक दिया?"

अब्बा अडुसष्ट वर्षांचे होते. मी त्यांना तसं मान खाली घालून बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटत होतं की बहिणीवरच्या मायेपोटी आपण थांबलो. माया खरीच होती. पण त्या मायेचा हप्ता भरला दुसऱ्याच कुणीतरी, आणि तिला विचारलंही नाही.

फुफी तीन आठवडे राहून गेली. पुन्हा काही तिला येता आलं नाही. अब्बा २०११ साली गेले, ती त्याच्या पुढच्या वर्षी. थर एक्स्प्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला दहशतवादी हल्ला झाल्यावर अटारीची वाटही बंद झाली. आता दोन्हीकडची नातवंडं मोबाइलवर एकमेकांचे चेहरे बघतात.

आता लेकीची गोष्ट.

अमेरिकेच्या ज्या कायद्याने कुटुंबाला एकत्र आणण्याची आजची पद्धत सुरू झाली, तो १९६५ सालचा. त्यात नात्यांच्या वेगवेगळ्या रांगा आहेत. अमेरिकी नागरिकाच्या पती किंवा पत्नीला रांग नाही, फक्त कागदपत्रांना लागेल तेवढा वेळ. ज्याच्याकडे ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना आहे पण जो नागरिक नाही, त्याच्या पत्नीला मात्र रांगेत उभं राहावं लागतं. सगळ्यात लांब रांग भावंडांची. साऱ्या जगातल्या भावंडांसाठी वर्षाला ६५ हजार व्हिसा, आणि कुठल्याही एका देशाला साधारणपणे सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. त्यामुळे २०२५ साली भारतातल्या ज्या भावंडांची पाळी चालू होती, त्यांचे अर्ज २००६ सालचे होते. आमच्या जावयाचं कुटुंब या रांगेतूनच गेलं. मामांनी २००४ साली आपल्या बहिणीसाठी अर्ज केला, तो २०१९ साली फळाला आला. तेव्हा लहान असलेला मुलगा अमेरिकेत उतरला तो मिसरूड फुटलेला.

निकाह जानेवारी २०२१ मध्ये झाला. करोनाचे दिवस, मोजकी माणसं. फेब्रुवारीत जावयाने अर्ज भरला. ज्या दिवशी अर्ज दाखल होतो ती आपली तारीख. मग दर महिन्याच्या मध्याला तिथलं परराष्ट्र खातं पुढच्या महिन्याचं एक पत्रक काढतं. कुठल्या रांगेत कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांना बोलावणार, ते त्यात लिहिलेलं असतं. पत्रकातली तारीख आपल्या तारखेच्या पुढे गेली की आपली पाळी.

आमच्याकडे एकोणतिसाव्या रोज्याला संध्याकाळी सगळे गच्चीवर चढून ईदचा चंद्र शोधतात. मी दर महिन्याला ते पत्रक तसंच शोधायला लागलो. एक फरक मात्र होता. चंद्र आज नाही दिसला तर उद्या दिसणारच, ही खात्री असते. आमची रांग २०१९ च्या उन्हाळ्यापासून पूर्ण मोकळी होती, म्हणजे पाळीसाठी थांबायचंच नव्हतं, फक्त अर्ज तपासून व्हायचा होता. तो तपासून होईपर्यंत एप्रिल २०२३ उजाडला आणि त्या महिन्याच्या पत्रकात रांग पुन्हा उभी राहिली. तारीख एकदम २०२० सालात गेली. ऑक्टोबरात ती आणखी मागे सरकली. अर्ज जास्त आणि व्हिसा कमी झाले की असं होतं, त्यात कुणाचा आकस नसतो. पण मागे जाणारा चंद्र मी पहिल्यांदाच पाहिला.

आता माझी चूक सांगतो. लेक बी.एस्सी. झालेली. निकाहनंतर ती म्हणाली, "अब्बा, मी बी.एड.ला प्रवेश घेते." मी म्हणालो, "बेटा, दोन वर्षांचा कोर्स. वर्षाच्या आत बोलावणं येईल. फी वाया जाईल." गावातल्या एका शाळेने तिला विचारलं, तेव्हाही मी म्हणालो, मुलांना अर्ध्यात सोडून जावं लागेल, कशाला? तिचे सासू-सासरेही चांगली माणसं, त्यांनाही ते पटलं. तिने आवडीने एक शेळी पाळायचं ठरवलं होतं, त्यालाही मी नाही म्हटलं. २०२१ सालचं सगळं वर्ष लेक घरात मोबाइल घेऊन बसून राहिली. शिकागोत सकाळ झाली की तिचा दिवस सुरू, तेव्हा इथे संध्याकाळ व्हायची.

एका रविवारी माझी बहीण आली. तिने भाचीकडे पाहिलं. काय चाललंय, विचारलं. मी मोठ्या समजूतदारपणे सगळं सांगितलं, अर्ज, पाळी, बोलावणं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाई, मेरी तारीख तो गई. इसकी नको टांगो."

एवढंच. सत्तावीस वर्षांत त्या विषयावर ती बोललेली ती पहिली गोष्ट. अब्बांना मान खाली घालून बसलेलं मी पाहिलं होतं, आणि तरीही मी अब्बांचंच केलं होतं.

पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, लेकीने बी.एड.ला प्रवेश घेतला. ऐकायला लहान गोष्ट आहे, पण घर बदललं. सकाळी डबा, बस, पाठांचं टाचण, रात्री तक्त्यांवर रंगकाम. जावयाने तिकडे दिवसा गोदामात नोकरी आणि रात्री कॉलेज चालू ठेवलं होतं. आता दोघांच्या बोलण्यात तारखेऐवजी परीक्षा आल्या. एप्रिल २०२३ मध्ये रांग मागे गेली त्या दिवशी लेकीचा सराव पाठ होता. ती रडली, आणि डोळे पुसून पाठ घ्यायला गेली. आदल्या वर्षीसारखी ती घरात बसलेली असती तर त्या बातमीने ती पार खचली असती, असं मला आजही वाटतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात पत्रकातली तारीख आमच्या तारखेच्या पुढे गेली. बी.एड.ची शेवटची परीक्षाही त्याच उन्हाळ्यात झाली. नोव्हेंबरात मुलाखतीचं पत्र आलं, मुंबईचं. उमरग्याहून हैदराबाद जवळ, मुंबई दुपटीहून लांब. हैदराबादेत अमेरिकेचं कार्यालय २००८ पासून आहे, पण कायमचं राहायला जाणाऱ्यांची मुलाखत मुंबईतच होते. आमच्या भागाचं हे नेहमीचंच. १९५६ पर्यंत राजधानी हैदराबाद, १९५६ पासून मुंबई, आणि आम्ही कायम मधल्या रस्त्यावर. मुलाखतीआधी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी आणि लसी, मग बोटांचे ठसे, मग मुलाखत. सोलापूरला जाऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करायचा, असं दोनदा झालं.

कागदांचं सांगतो, कारण मुलाखत तिथेच अडते. शेख हे आडनाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिता येतं, आणि आमच्याकडे चारही प्रकार होते. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या टी.सी.वर दुसरा, पासपोर्टवर तिसरा, निकाहनाम्याच्या भाषांतरात चौथा. एका कार्यालयात मी एका अक्षरासाठी सहा खेपा घातल्या. पण ही दुरुस्ती आम्ही वाट पाहण्याच्या काळात करून घेतली होती, म्हणून वेळेला धावपळ झाली नाही. पोलिसांचा दाखला, उर्दू निकाहनाम्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, निकाहचे फोटो, जावई २०२३ साली येऊन गेला त्याची तिकिटं, सगळं एका पिशवीत.

वांद्रे-कुर्ला संकुलात त्या कार्यालयाबाहेर सकाळी मी रस्त्यावर उभा होतो. आत फक्त तिला सोडलं. माझ्याबरोबर उभे असलेले एक गृहस्थ भुसावळकडचे, एक गोव्याचे. कुणी कुणाला नाव विचारलं नाही, सगळ्यांनी एकच विचारलं, "किती वर्षं झाली?"

लेक दोन तासांनी बाहेर आली. मुलाखत पाच मिनिटांची. नवरा काय करतो, तुम्ही कुठे भेटलात, तो शेवटचा कधी आला होता. मग खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, तू काय करतेस? ती म्हणाली, "मी विज्ञान शिकवते." जूनपासून ती गावातल्या शाळेत जात होती. नंतर ती मला म्हणाली, "अब्बा, हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी आला असता तर मी काय सांगितलं असतं? वाट पाहते, असं?"

त्या दिवशीही व्हिसा हातात पडला नाही. जावयाच्या उत्पन्नाचा ताजा कागद हवा म्हणून एक चिठ्ठी मिळाली. आणखी तीन आठवडे. पण आता आम्ही सरावलो होतो. तिने शाळेत सहामाहीचे पेपर तपासले, दाखला तिकडून आला, पासपोर्ट डिसेंबरात मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये ती गेली. जाताना वर्गातल्या मुलांना दुसऱ्या बाईंच्या ताब्यात देऊन गेली. मी ज्याची भीती घातली होती ते मुलांना अर्ध्यात सोडणं झालंच, पण मुलांचं त्याने काही बिघडलं नाही. त्यांना सात महिने एक चांगली शिक्षिका मिळाली होती.

श्रोतेहो, माझ्या लेकीला व्हिसा मिळाला म्हणून मी हे शहाणपण सांगत नाही. न मिळता तरी हेच सांगितलं असतं. डिसेंबर २०२५ मध्ये नोकरीच्या व्हिसावर शिक्का मारून घ्यायला सुट्टीत भारतात आलेल्या कितीतरी जणांच्या मुलाखती अचानक मार्चपर्यंत आणि त्यापुढे ढकलल्या गेल्या. इथे माणूस अडकला, तिकडे नोकरी, भाड्याचं घर, मुलांची शाळा. म्हणजे परवानगी असलेल्यांच्याही तारखा हलतात. तारीख आपल्या हातात नाही, ती हलवून देतो म्हणणाऱ्या एजंटच्या हातात तर मुळीच नाही. ते मासिक पत्रक जगातल्या कुणालाही फुकट बघता येतं.

आपल्या हातात थोड्याच गोष्टी आहेत. कागदांवरची नावं एकसारखी करून ठेवावीत. घरातल्या एकानेच, महिन्यातून एकदाच, पत्रक बघावं, आणि बाकीच्यांनी रोज "कधी, कधी" विचारून त्या पोरीचा जीव खाऊ नये. पासपोर्टवर व्हिसा दिसेपर्यंत नोकरी सोडू नये, जमीन विकू नये, तिकीट काढू नये. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी माझ्या फुफीने आणि बहिणीने मला शिकवली. आपल्या तारखेवर दुसऱ्या कुणाचं काही टांगू नये. ज्याची वाट पाहायची त्याची पाहावी, अगदी जीव लावून पाहावी, पण घरातलं कुणी त्यासाठी थांबवून ठेवू नये. थांबवायचंच असेल तर निदान त्याला विचारावं तरी. माझ्या बहिणीला आम्ही विचारलं नव्हतं.

गेल्या ईदला लेकीचा शिकागोहून फोन आला. तिथे शिकवायचं तर आणखी परीक्षा द्याव्या लागतात, त्यांचा अभ्यास चालू आहे. आत्याशी बोलायचं म्हणाली. दोघी अर्धा तास बोलत होत्या. काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आज हे ऐकणाऱ्या कुणाच्या घरी असा अर्ज पडून असेल, तर त्या घराला माझं एवढंच सांगणं आहे. बोलावणं यायचं तेव्हा येईल. तोवर प्रवेश घ्यायचा असेल तर घ्या, पेरणी करायची असेल तर करा, भिंतीची भेग बुजवायची असेल तर बुजवा. आणि ठरलेला निकाह, ठरलेलं लग्न, ठरल्या दिवशी होऊ द्या. येणारा उशिरा आला तरी त्याला जेवायला वाढता येतं.